दोन पिशव्या यीस्ट: प्रकल्प नोंदी, जानेवारी ते एप्रिल २०२३ (बीव्हर्टन, ऑरेगॉन)

८ जानेवारी, रविवार

घरी बिअर करतो. दोन वर्षं सुक्या यीस्टवर काढली. यूएस-०५ ची पुडी फाडायची, वर्टवर, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड काढ्यावर, भुरभुरायची, झाकण लावायचं, झोपायला जायचं. तक्रार काही नाही. पण माझ्या सगळ्या बिअर एकमेकींच्या सख्ख्या बहिणी लागतात. माल्ट बदललं, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) बदलले, तरी घोट घेतला की तोच चेहरा. त्या जातीचं कामच मुळी मागे राहण्याचं आहे: कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या सिएरा नेवाडा ब्रुअरीवरून तिला ‘चिको’ म्हणतात, आणि माल्ट-हॉप्सना पुढे करून स्वतः गप्प बसणं हाच तिचा गुण.

या हिवाळ्यात द्रव यीस्टच्या दोन बॅचेस करायच्या. एक बव्हेरियन गव्हाची बिअर, म्हणजे वाइट्सन. दुसरी इंग्लिश बिटर. या दोन्ही बिअर म्हणजे यीस्टच आहे. बाकीचं सामान हमालीला.

यीस्ट विकणाऱ्या वायईस्ट कंपनीचा तक्ता काढून बसलो. तक्त्यात चार रकाने असतात आणि मी आजवर पहिलाच वाचत होतो.

फर्मेंटेशनची टक्केवारी: वर्टमधली किती साखर यीस्ट खाईल. ३०६८ (वाइट्सन) ७३ ते ७७, १९६८ (लंडन ईएसबी, बिटरसाठी) ६७ ते ७१. म्हणजे दुसरं लवकर ताटावरून उठतं आणि बिअरमध्ये गोडवा सोडतं.

गोळा होण्याची वृत्ती: काम झाल्यावर पेशी एकमेकींना चिकटून तळाशी बसतात का. ३०६८ जवळजवळ बसतच नाही, म्हणून ती बिअर गढूळ. १९६८ पुढे ‘फार जास्त’ असं लिहिलंय. आठवड्यात बिअर आरशासारखी. मला हे फार आवडलं.

तापमान: ३०६८ ला १८ ते २४ अंश सेल्सियस, १९६८ ला १८ ते २२.

चौथा रकाना दारू किती सोसेल त्याचा. पाच टक्क्यांच्या बिअरला त्याची काळजी नाही.

आता गॅरेजमधला थर्मामीटर: सकाळी ९, दुपारी ११. दोन्ही जातींसाठी हे म्हणजे शीतगृह. खरं तर या गॅरेजात आत्ता लागर (थंडीत आंबणारी बिअर) करायला हवी, पण लागरला पेशी दुप्पट लागतात आणि धीर चौपट. वरच्या मजल्यावर जिन्याजवळ कोट टांगायचं कपाट आहे, तिथे १८ च्या आसपास असतं. बायकोकडे अर्ज केला. ‘दोन आठवडे’ या अटीवर मंजूर.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत उद्या. तिळगुळासाठी तीळ आणायला निघालो आणि वाट वाकडी करून आग्नेय पोर्टलंडमधल्या एफ. एच. स्टाइनबार्टमध्ये गेलो. १९१८ पासूनचं दुकान. म्हणजे अमेरिकेतली दारूबंदी यायच्या आधी उघडलं, ती येऊन गेली तरी उभं राहिलं. घरी बिअर करणं मात्र इथे कायदेशीर झालं ते बऱ्याच नंतर: १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन. आम्ही वीसच्या पुढे कधी गेलो नाही.

फ्रिजमधून १९६८ ची पिशवी घेतली. पिशवीवर तयार केल्याची तारीख असते. ती आधी वाचायची, नंबर नंतर. २ जानेवारी. बारा दिवसांची. साधारण दहा डॉलर, सुकी पुडी याच्या निम्म्याने येते.

परत येताना पुलावरून माउंट हूड लख्ख दिसत होता. या डोंगराचं इथल्या मूळ लोकांमधलं नाव ‘वाय-ईस्ट’. १९८६ साली याच डोंगराच्या पायथ्याच्या भागात सुरू झालेल्या यीस्टच्या कंपनीने ते नाव घेतलं. दोन वर्षं इथे राहून मला वाटत होतं की ती कोणाची तरी शाब्दिक कोटी आहे. कोटी आहेच, पण डोंगर आधी आहे.

३०६८ तिथे संपलं होतं. ऑनलाइन मागवलं, दुसऱ्या एका दुकानातून.

२० जानेवारी

३०६८ आलं. सोबतची बर्फाची पिशवी कोमट. यीस्टवरची तारीख ५ नोव्हेंबर. दुकानाला लिहिलं, उत्तर आलं की ‘मुदतीच्या आत आहे’. मुदतीच्या आत भाजीसुद्धा असते.

२२ जानेवारी

आईचा फोन. काय चाललंय विचारलं तर सांगितलं, यीस्ट मागवलंय. कसं असतं ते? पिशवीत पातळ, पांढुरकं, जिवंत असतं, आणि थंड ठेवावं लागतं. ‘अरे म्हणजे विरजणच की. मग विकत कशाला घेतोस दर वेळी? शेजाऱ्याकडून आण.’

हसलो, पण १८८३ पर्यंत जग नेमकं तेच करत होतं. मागच्या बॅचचा गाळ पुढच्या बॅचला, कमी पडला तर शेजारच्या ब्रुअरीकडून. त्यात चांगलं यीस्ट, रानटी यीस्ट, जिवाणू सगळं एकत्र नांदायचं आणि मधूनच अख्खी ब्रुअरी आंबट व्हायची. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सन याने एकच पेशी वेगळी काढली आणि तिचीच वंशावळ वाढवली. कार्ल्सबर्गने ती रीत लपवून ठेवली नाही. माझ्या फ्रिजमधली पिशवी म्हणजे त्याच रीतीचं अपत्य: आत एकच जात, दुसरं कोणी नाही.

शेजारी बिअर करत नाही, मासे पकडतो.

२४ जानेवारी, रात्री

पिशवीच्या आत एक छोटी पुडी असते, तिच्यात यीस्टचं खाद्य. बाहेरून चाचपून पुडी तळहातावर घ्यायची आणि दुसऱ्या हाताने जोरात थप्पड मारायची. पुडी फुटते, यीस्ट जागं होतं, वायू सोडतं, पिशवी फुगते. ताजी पिशवी तीन तासांत टम्म. ही नोव्हेंबरवाली तीन तासांनीही सपाट. सकाळपर्यंत सोडून दिली.

२५ जानेवारी, बुधवार

सकाळी पिशवी अर्धी फुगलेली. आतले जिवंत आहेत एवढंच त्यातून कळतं; किती आहेत ते कळत नाही. पुष्कळांचा इथेच घोटाळा होतो. फुगणं हे श्वास घेणं आहे, पेशींची संख्या त्याने वाढत नाही.

म्हणून हिशेब. कारखान्यातून निघताना पिशवीत किमान १०० अब्ज पेशी. थंडीत ठेवल्या तरी दिवसाला साधारण ०.७ टक्के मरतात असा घरगुती ब्रुअरांचा आडाखा आहे. ५ नोव्हेंबर ते आज म्हणजे ८१ दिवस, म्हणजे ५७ टक्के गेल्या. उरल्या ४३ अब्ज. वाटेत उन्हाने, गोदामाने काय केलं ते वेगळं.

गरज किती? एल बिअरला (लागरपेक्षा उबेत आंबणारी, माझ्या दोन्ही तशाच) दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला (वर्टमधल्या साखरेचं माप) ७.५ लाख पेशी. १९ लिटर, ग्रॅव्हिटी (वर्ट पाण्याच्या किती पट जड; साखर जास्त तितका आकडा मोठा) १.०५० म्हणजे १२.४ प्लेटो. गुणाकार १७७ अब्ज. थोडक्यात, ताजी पिशवीसुद्धा एकटी पुरत नाही, मग ही तर जख्ख म्हातारी. सरळ ओतून दिली असती तर यीस्टला आधी कुटुंब वाढवावं लागलं असतं आणि नको ते वास तेव्हाच सुटतात.

उपाय स्टार्टर: आधी छोट्या वर्टमध्ये वाढवून घ्यायचं. एक लिटर पाणी, १०० ग्रॅम सुका माल्ट अर्क, ग्रॅव्हिटी साधारण १.०३६. सतत ढवळत ठेवलं तर अर्काच्या दर ग्रॅममागे सुमारे १.४ अब्ज नव्या पेशी धरायच्या. १४० अधिक ४३, म्हणजे १८३. काठोकाठ.

ढवळायचं यंत्र घरचंच: जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, त्यावर हार्ड डिस्कमधून काढलेले चुंबक, सगळं फरसाणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. वर शंकूच्या आकाराचा काचेचा फ्लास्क, आत चुंबकाची गोळी.

अर्क थेट फ्लास्कमध्ये उकळायला ठेवला आणि फोन घ्यायला वळलो. दूध उतू जातं तेव्हा निदान आधी काठावर येऊन थांबल्यासारखं करतं. माल्ट थांबत नाही. शेगडी, ओटा, ड्रॉवरच्या खाचा, सगळीकडे काकवीसारखं चिकट. तासभर पुसत होतो. यापुढे पातेल्यात उकळायचं, फ्लास्कात नंतर ओतायचं.

२० अंशांपर्यंत निववून यीस्ट घातलं. पंखा सुरू.

२७ जानेवारी

स्टार्टर ताकासारखा झालाय, वासही आंबूस-गोड. पंखा बंद, फ्लास्क फ्रिजमध्ये. उद्या वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खालचा साय-रंगाचा थर वापरायचा. ते पाणी म्हणजे हवा खाल्लेली वाईट बिअर, ती चांगल्या बिअरमध्ये कशाला.

२८ जानेवारी, शनिवार: वाइट्सन

गव्हाचं माल्ट २.८ किलो, पिल्सनर माल्ट २.२ किलो. हॅलरटाउ हॉप्स ३० ग्रॅम, तासभर उकळून. हॉप्सचं काम इथे फक्त गोडवा तोडण्याचं.

मॅशची (माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवण्याची) सुरुवात ४५ अंशांवर, १५ मिनिटं. त्याला कारण आहे. या तापमानाला माल्टमधून फेरुलिक आम्ल सुटतं आणि ३०६८ सारखं यीस्ट त्याचं लवंगेच्या वासाच्या संयुगात रूपांतर करतं. म्हणजे लवंग पातेल्यात नसते. माल्ट देतं कच्चा माल आणि यीस्ट करतं लवंग.

हे सगळ्याच यीस्टना जमत नाही, आणि का जमत नाही हे मला सगळ्यात रंजक वाटतं. २०१६ साली बेल्जियमच्या संशोधकांच्या पुढाकाराने १५७ यीस्ट जातींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक बिअर-यीस्टमध्ये लवंग करणारी जनुकं, पॅड१ आणि एफडीसी१, मोडलेली निघाली. शतकानुशतकं ब्रुअरांनी ज्या बॅचला लवंगेचा वास नाही तिचाच गाळ पुढे वापरला, आणि यीस्ट नकळत माणसाळलं. बव्हेरियातल्या गहूवाल्यांना मात्र तोच वास हवा होता, म्हणून त्यांच्या यीस्टमध्ये ती जनुकं शाबूत आहेत.

याची परीक्षा घ्यायची म्हणून एकूण २३ लिटर वर्ट केलं. १९ लिटर मोठ्या कार्बॉयमध्ये (अरुंद गळ्याच्या काचेच्या बाटलीत), त्यात ३०६८. उरलेलं चार लिटर काचेच्या जगमध्ये, त्यात कपाटात पडलेली यूएस-०५ ची अर्धी पुडी. वर्ट एकच, पातेलं एकच, माणूस एकच.

कार्बॉयमध्ये मत्स्यालयाच्या पंपाने, गाळणी लावून, अर्धा तास हवा सोडली. सुक्या यीस्टला कारखान्यातच पोटभर खाऊ घालून वाळवलेलं असतं, त्याला हवेची फारशी गरज नाही. द्रव यीस्टला पेशींचं आवरण बांधायला ऑक्सिजन लागतो. दोन वर्षं कार्बॉय हलवायचाही कंटाळा केला आणि निभावलं. इथे निभलं नसतं.

ग्रॅव्हिटी १.०५०. रात्री दहाला दोन्ही कपाटात. कोट बाजूला सरकवले.

३० जानेवारी, पहाटे

अटीचा भंग.

३०६८ हे वर चढणारं यीस्ट आहे, फेसाची जाड गादी करतं. कार्बॉयच्या गळ्यात नेहमीचा एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं, हवा आत न घेणारं बूच) लावला होता. जाडी नळी लावून तिचं तोंड पाण्याच्या बादलीत सोडायला हवं होतं हे मला माहीत होतं. नळी खाली गॅरेजात होती आणि रात्री दहाला खाली जायचा कंटाळा आला. फेसाने एअरलॉक तुंबवला, दाब वाढला आणि तो उडाला. कपाटाच्या छतावर भुरा डाग, बायकोच्या लोकरी कोटाच्या बाहीवर यीस्ट.

ती दारात उभी राहिली, वास घेतला, म्हणाली, ‘शिकरण सांडलंय का?’

पिकल्या केळ्याचा इतका दाट वास की चुकणं शक्यच नव्हतं. हे या यीस्टचं दुसरं लेणं: आयसोअमिल ॲसिटेट. मी आनंदाने सांगायला लागलो आणि मग तिचं लक्ष कोटाकडे गेलं.

ड्रायक्लीनिंग २४ डॉलर. कपाट कायमचं बंद. ही बॅच पूर्ण होऊ द्यायची, पुढची गॅरेजात.

४ फेब्रुवारी

वाइट्सन १.०१३. जग १.०११. दोन्ही शांत.

११ फेब्रुवारी, शनिवार

वाइट्सन १.०१२ वर थांबली, दारू पाच टक्के. बाटल्यांत भरली. या बिअरला बुडबुडे खूप हवेत, म्हणून १८ लिटरला १९० ग्रॅम साखर आणि फक्त जाड काचेच्या बाटल्या. जगवाली वेगळ्या बाटल्यांत, बुचावर टिंब.

पुण्याच्या मित्राने विचारलंय की एक पिशवी सामानातून आणशील का. नाही म्हटलं. एक तर वीस-बावीस तासांच्या प्रवासात तिचं काय होईल ते नोव्हेंबरच्या पिशवीने दाखवलंच आहे, आणि दुसरं म्हणजे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. त्याला म्हटलं, तू इकडे ये.

१५ फेब्रुवारी

आता १९६८. आज ४४ दिवसांची झाली, ३१ टक्के वजा, ६९ अब्ज. या वेळी मुद्दाम जास्त वाढवायचं: दीड लिटर, १५० ग्रॅम अर्क, पातेल्यात उकळून. हिशेबाने २७९ अब्ज. बिटरला १७७ पुरे. उरलेलं बरणीत. बिअरखालचा गाळ धुऊन यीस्ट काढण्यापेक्षा हे मला बरं वाटतं; त्या गाळात हॉप्सचा चोथा, मेलेल्या पेशी, दारूने थकलेल्या पेशी. स्टार्टरमधलं यीस्ट तरणंताठं.

थप्पड मारल्यावर ही पिशवी दोन तासांत फुगली. ताज्या तारखेचा हा फरक हातालाच कळतो.

१६ फेब्रुवारी

स्टार्टरमध्ये गुठळ्या. ढवळत असतानाही. क्षणभर वाटलं बिघडलं, मग आठवलं: हीच ती ‘फार जास्त’ गोळा होण्याची वृत्ती. दूध फाटल्यासारखं दिसतं, पण वास स्वच्छ आहे.

१८ फेब्रुवारी

एक तृतीयांशाहून थोडं जास्त यीस्ट उकळून घेतलेल्या लोणच्याच्या बरणीत. सुमारे १०० अब्ज, म्हणजे नव्या पिशवीएवढं. झाकण सैल. फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे.

१९ फेब्रुवारी, रविवार: बिटर

मॅरिस ऑटर माल्ट ४ किलो, क्रिस्टल माल्ट ३०० ग्रॅम. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स ४५ ग्रॅम तासभर, २० ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांना. १९ लिटर, १.०५०.

उद्या प्रेसिडेंट्स डेची सुट्टी, म्हणून घाई नाही. कार्बॉय गॅरेजात. कपाट गेल्यामुळे नवी व्यवस्था: कार्बॉयला विजेचा गरम पट्टा, वर जुनी गोधडी, आणि तापमान नियंत्रक १९ अंशांवर. नियंत्रकाचा संवेदक काचेला चिकटवून त्यावर फोम. जाडी नळी आणि बादली लावली, अर्थातच.

२१ फेब्रुवारी

दोन दिवसांत जोर. फेसाचा रंग कॅरमेलसारखा. १९ अंश स्थिर. गॅरेज ८ अंश. स्वतःवर खूश.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

काल दुपारी बर्फ सुरू झालं. अंदाज थोड्याशा भुरभुरीचा होता. रात्रीपर्यंत पोर्टलंडच्या विमानतळावर १०.८ इंच पडलं. ऐन गर्दीच्या वेळी सगळे रस्ते गोठले. मी हायवे २६ वर सहा तास एका जागी. लोक गाड्या सोडून चालत घरी निघाले होते. पुढच्या गाडीतल्या बाईंनी प्रेट्झेल दिले, मी चिक्की दिली. यीस्टची आठवण खरं सांगायचं तर एकदाही आली नाही.

घरी पोचलो रात्री साडेअकराला. वीज नव्हती. दुपारी चारलाच गेली होती, आज सकाळी सातला आली.

गॅरेज ५ अंश. बिअर १२. फेस खाली बसलेला, काचेच्या तळाला जाड सायीचा थर, वर बिअर स्वच्छ, अगदी आरशासारखी. हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची काचेची नळी): १.०२२.

अपेक्षा १.०१५ ते १.०१६ ची. साखर शिल्लक आहे, खाणारे तळाशी जाऊन झोपलेत. थंडी पडताच गोळा होऊन बसणं हा या जातीचा स्वभाव. ८ जानेवारीच्या नोंदीत मी त्याच रकान्यासमोर ‘मला हे फार आवडलं’ असं लिहिलंय.

चव: गोड, आणि लोणी कढवताना पहिल्यांदा येतो तो वास. डायासेटिल. यीस्ट फर्मेंटेशनच्या मधल्या काळात हे तयार करतं आणि शेवटी स्वतःच परत शोषून घेतं. इथे शोषायच्या आधीच दुकान बंद.

पट्टा सुरू. नियंत्रक २१ वर. कार्बॉय झाकण न उघडता हळूहळू गोल फिरवला, तळाचा थर उठेपर्यंत. हवा आत जाऊ द्यायची नाही. सुरुवातीला अमृत असलेला ऑक्सिजन आता बिअर शिळी करतो.

२५ फेब्रुवारी

२१ अंश. दिवसातून दोनदा फिरवतोय. १.०२०. फिरवलं की बुडबुडे येतात, तासाभरात पुन्हा गुठळ्या खाली.

२६ फेब्रुवारी

अजून १.०२०. आता नुसतं फिरवून भागणार नाही.

झोपलेल्यांना उठवण्यापेक्षा जागे आणलेले बरे. बरणी काढली. निम्मं यीस्ट अर्धा लिटर ताज्या वर्टमध्ये, पंख्यावर. निम्मं परत फ्रिजमध्ये. स्टार्टर ऐन जोरात असताना, फेसासकट, अख्खाच ओतायचा. थंड करून, वरचं पाणी काढून घातलं तर हे यीस्टही सोबत्यांच्या शेजारी जाऊन झोपेल.

दुसरी पिशवी आणायला गेलो असतो तर रस्ते, तारीख, थप्पड, तीन दिवस. बरणी हाताशी होती म्हणून एका रात्रीत जमलं.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ

स्टार्टर उसळतोय. तापमान बिअरएवढं करून ओतला. काचेला कान लावला तर चुरचुर.

१ मार्च

१.०१७.

३ मार्च

१.०१५. पोचली.

४ मार्च, शनिवार

ग्रॅव्हिटी उतरली म्हणजे लोणी गेलं असं नाही. ज्यापासून डायासेटिल बनतं ते संयुग बिअरमध्ये वासाविना दडून असू शकतं आणि बाटलीत महिन्याभराने प्रकट होतं. ते आधीच बाहेर काढायची सोपी चाचणी: दोन ग्लासांत थोडी थोडी बिअर, एक ग्लास झाकून ६५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटं, दुसरा तसाच. मग दोन्ही थंड करून हुंगायचे.

थंड ग्लास: बिस्किट, मुरांबा. गरम केलेला: स्पष्ट लोणी, थिएटरमधल्या पॉपकॉर्नचं.

अजून नाही. २१ अंशांवर राहू दे.

५ मार्च, रविवार

परवा धुळवड, म्हणून आज आठ जण घरी. रंग बाहेर पावसात, मग आत पुरणपोळी, कटाची आमटी आणि वाइट्सन.

न सांगता दोन-दोन ग्लास दिले, टिंबवाली आणि बिनटिंबाची. आठांपैकी सहांनी ठामपणे सांगितलं की दोन वेगळ्या बिअर आहेत, माल्ट वेगळं आहे, एकीत मसाला घातलाय. एकाने तर वेलचीही ओळखली, जी कशातच नव्हती. दोघांना फरक कळला नाही, ते पुरणपोळीत होते.

माझी नोंद. ३०६८: केळं पुढे, लवंग मागून, घशात किंचित आंबट धार. म्हाताऱ्या पिशवीने अपेक्षेपेक्षा चांगलं काम केलं, श्रेय स्टार्टरचं. यूएस-०५: गव्हाच्या ब्रेडचा साधा स्वच्छ वास, बस्स. लवंगेचा मागमूस नाही, ४५ अंशांचा मॅश दोन्हींना मिळाला असूनही. ज्या कच्च्या मालातून एकाने मसाला केला तो दुसऱ्याला दिसलासुद्धा नाही.

पुरणपोळीबरोबर साधी जास्त चांगली लागली, हेही लिहून ठेवतो. केळं आणि गूळ एकमेकांच्या पायात येतात. कटाच्या आमटीबरोबर मात्र लवंगवाली.

७ मार्च

चाचणी पुन्हा. दोन्ही ग्लास सारखे. लोणी गेलं.

११ मार्च

बिटर बाटल्यांत. १८ लिटरला ८० ग्रॅम साखर, हिला बुडबुडे कमीच हवेत. दारू ४.६ टक्के.

१ एप्रिल

बिटर उघडली. तांबूस, गाळ न हलवता ओतली तर ग्लासपलीकडचं वाचता येतं. संत्र्याच्या मुरांब्याचा वास, माल्ट जिभेवर रेंगाळतं, मग गोल्डिंग्जचा कडवटपणा. ही जात लंडनच्या फुलर्स ब्रुअरीची असल्याचं म्हटलं जातं. माझी बिअर तिथवर पोचली नाही, पण माझ्या आधीच्या बिअरची ती बहीण खासच नाही.

बायको म्हणाली, ‘हिच्यासाठी कोट गेला असता तर चाललं असतं.’

८ एप्रिल, शनिवार

पुढच्या वेळचं.

यीस्ट निवडताना मी दोन्ही वेळा बिअरपासून सुरुवात केली आणि घर मागाहून बघितलं. कपाट, गॅरेज, वीज, सगळं नंतर. आता उलटं करतोय. गॅरेजचा थर्मामीटर आज १३ आहे, जूनअखेर २४, आणि ऑगस्टात दुपारी ३० च्या वर जातो. २०२१ च्या जूनमध्ये शहराने ४६ पार केलं होतं तेव्हा तर गॅरेजात मेणबत्त्या वाकल्या होत्या. उन्हाळ्यात तिथे इंग्लिश किंवा जर्मन यीस्ट ठेवणं म्हणजे त्याचा छळ. ज्याला उष्माच हवा असतो ते बघायचं: ३७२४, बेल्जियन सेझाँ बिअरचं यीस्ट, २१ ते ३५ अंश. ते मध्येच अडून बसण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे, १.०३५ च्या आसपास दिवसेंदिवस ढिम्म. पण अडलेल्या यीस्टशी आता ओळख झालीय, आणि ऑगस्टातलं गॅरेज फुकट गरम असेल.

पिशवी ऑगस्टाच्या आधी दुकानात जाऊन, तारीख वाचून घ्यायची. पोस्टाने मुळीच नाही.

बरणीतलं १९६८ काल पुन्हा वाढवलं, अर्धं मित्राला दिलं. ती आता तिसरी वाढ. पाचव्यानंतर टाकून नवी पिशवी घ्यायची असं ठरवलंय. स्वच्छता कितीही पाळली तरी माझं स्वयंपाकघर म्हणजे हान्सनची प्रयोगशाळा नव्हे.

बरणी अजून दह्याच्या भांड्यामागेच आहे, आणि १२ मे ला आई येतेय. झाकणावर जाड पेनने लिहिलं: ‘१९६८, तिसरी, ७ एप्रिल’. त्याखाली, तिच्यासाठी: ‘दही लावू नये’.